डावा कोपरा: गाडीवरचं स्टिकर नेमकं तिथेच का?

हा या भागाचा लेखी मजकूर. एसटीत हेडफोन सापडला नाही त्यांच्यासाठी, आणि ऐकलंय पण सनावळ्या परत बघायच्यात त्यांच्यासाठीही.

आजचा विषय अगदी छोटा आहे. दहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटर. २०१९ नंतर घेतलेली चारचाकी घरात असेल, तर समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात, आतल्या बाजूने, एक चकाकणारं स्टिकर दिसेल. गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाल्याने लावून दिलं असेल. पेढे वाटण्याच्या, हार घालण्याच्या, लिंबू-मिरची बांधण्याच्या गडबडीत त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नसेल. त्यावर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचं नाव असतं, गाडीचा नंबर असतो, नोंदणीची तारीख असते आणि पुढच्या-मागच्या दोन्ही नंबरप्लेटवर लेझरने कोरलेले क्रमांक असतात. सरकारी भाषेत याला गाडीचं 'तिसरं नोंदणी चिन्ह' म्हणतात. पहिली पुढची पाटी, दुसरी मागची आणि तिसरं हे.

आपल्या माळशिरस तालुक्यात गाडीचा विषय निघाला की पहिला येतो तो आकडा. पंचेचाळीस. तालुक्याचं गाव माळशिरस, पण आरटीओ अकलूजला. त्यामुळे गाडीवर एमएच-४५. त्याआधी आपणही सोलापूरचे, म्हणजे एमएच-१३ वाले होतो. आजही एखाद्या वाड्यात आजोबांची जुनी गाडी तेराची आणि नातवाची बुलेट पंचेचाळीसची, अशी जोडी शेजारी-शेजारी उभी दिसते. पुण्यात सिग्नलला पंचेचाळीस दिसली की काच खाली करून 'कुठलं गाव?' विचारणारे लोक आहेत आपल्याकडे. म्हणजे नंबर हा नुसता नंबर नसतो, हे आपल्याला वेगळं सांगायची गरज नाही.

तर प्रश्न असा की हे स्टिकर डाव्या कोपऱ्यातच का? उजव्या का नाही? मध्ये का नाही? पाटीवरच का नाही?

उत्तरासाठी आधी शंभर वर्षं मागे आणि जरा लांब जावं लागेल, लंडनला.

ब्रिटनमध्ये १९२० साली रस्त्यांचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९२१ पासून प्रत्येक मोटारीवर कर भरल्याची गोल कागदी चकती लावणं सक्तीचं झालं. कर भरला, चकती मिळाली, काचेवर लावली. वर्ष संपलं की नवी चकती. ती लावायची जागा ठरलेली होती: काचेच्या डाव्या बाजूचा कोपरा. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो. मग पोलीस शिपाई कुठे उभा असणार? फुटपाथवर. म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला. त्याने रस्त्यात न उतरता, चालकाशी एक शब्द न बोलता, नुसतं चालता-चालता उभ्या गाड्यांच्या काचांवर नजर टाकायची. कर भरलेला आहे की नाही, लगेच कळायचं. शिवाय उजवीकडे बसलेल्या चालकाच्या नजरेत ती चकती मध्ये येत नाही.

ही गोष्ट लक्षात ठेवा. स्टिकर लावायची जागा चालकाच्या सोयीने ठरत नाही. ते वाचणारा माणूस कुठे उभा आहे, यावरून ठरते. या भागात पुढे जे काही येणार आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात संपूर्ण देशासाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा. मग १९३९ चा, मग १९८८ चा. हा शेवटचा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजही तोच चालू आहे. एमएच, मग जिल्ह्याचा आकडा, मग अक्षरं, मग चार आकडे, ही आपल्याला जन्मापासून माहीत असलेली पद्धत या १९८८ च्या कायद्यानंतरची. त्याआधीच्या गाड्यांवर तीन अक्षरं आणि पुढे आकडे असायचे. 'एमआर'ने किंवा 'एमएच'ने सुरुवात आणि मग एक अक्षर. जुन्या मराठी सिनेमात गाडी वळताना पॉज करून बघा, सापडेल.

कर मात्र राज्याचा विषय. मुंबई राज्याचा मोटार वाहन कर कायदा १९५८ चा, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीचा. ब्रिटिश चकतीचं आपल्याकडचं भावंड म्हणजे 'टॅक्स टोकन'. घरात कुणी जुने ट्रक ड्रायव्हर असतील तर त्यांना हा शब्द विचारा. कर भरला की टोकन मिळायचं, ते काचेवर लावायचं. स्कूटरला काच कुठली? मग तिथे टोकन ठेवायला एक गोल डबी यायची, काच लावलेली, नटाने घट्ट आवळलेली. पावसात टोकन भिजू नये म्हणून. पुढे खासगी गाड्यांना एकरकमी कर आला. एकदाच कर भरायचा असेल तर दर मुदतीला नवा कागद कशाला? डब्या रिकाम्या झाल्या आणि हळूहळू गाडीवरून गायबही झाल्या. ब्रिटनची चकती त्यामानाने खूप टिकली. १ ऑक्टोबर २०१४ ला ती बंद झाली, कारण तोवर फुटपाथवरच्या शिपायाचं काम कॅमेऱ्याने घेतलं होतं. कॅमेरा नंबर वाचतो आणि कर भरलाय की नाही ते कॉम्प्युटरला विचारतो. त्याला चकती कशाला हवी?

अमेरिकेची तऱ्हा वेगळी, आणि ती सांगितल्याशिवाय आपल्या नियमामागचा विचार कळणार नाही. तिकडे बहुतेक राज्यांत दरवर्षी नवी नंबरप्लेट द्यायची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली. रणगाड्यांना पत्रा हवा होता, पाट्यांना कोण देणार? मग काही राज्यांनी जुन्याच पाटीवर लावायला वर्षाचा आकडा असलेली छोटी पट्टी दिली, काहींनी काचेवरचं स्टिकर दिलं. युद्ध संपलं, पण सवय राहिली. पुढे पाटीच्या कोपऱ्यात दरवर्षीचं नवं स्टिकर चिकटवायची रीत पडली. एका कोपऱ्यात महिना, एका कोपऱ्यात वर्ष. कोणता कोपरा, ते राज्याराज्यावर. वाचणारा कोण? तर मागून गाडीत येणारा पोलीस. म्हणून मागची पाटी.

पण पाटी गाडीच्या बाहेर असते. बाहेरचं स्टिकर रात्रीत कुणीही खरवडून नेऊ शकतं आणि स्वतःच्या पाटीवर लावू शकतं. आणि तसं व्हायला लागलं. मग शहाण्या लोकांनी एक उपाय काढला: स्टिकर चिकटवलं की त्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या. म्हणजे कुणी काढायला गेलंच तर हातात तुकडेच येतील. शेवटी पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१६ च्या अखेरीस पाटीवरची स्टिकर्स बंदच केली.

ते ब्लेडचं लक्षात ठेवा, कारण तीच युक्ती आपल्या सरकारने कारखान्यातूनच करून घेतली.

२८ मार्च २००१. केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांतल्या नियम ५० मध्ये दुरुस्ती केली आणि 'हाय सिक्युरिटी' पाटी कागदावर जन्माला आली. तिची रचना बघण्यासारखी आहे. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. वर डाव्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटर बाय दोन सेंटिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, पण तो चिकटवलेला नाही, उष्णतेने पत्र्यात दाबून बसवलेला. त्याखाली डाव्या अंगाला निळ्या अक्षरांत देशाचं नाव. खाली डावीकडे लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक. आणि मागची पाटी बसवायला स्क्रू नाही तर एकदाच बसणारं कुलूप. ते काढायचं तर तोडावंच लागतं आणि तोडलं की पुन्हा बसत नाही. काचेवरचं तिसरं स्टिकरही असंच, काढायला गेलात की फाटणारं. अमेरिकेतल्या माणसाने घरी ब्लेडने जे केलं, ते इथे बनवतानाच केलेलं.

आणि ते काचेच्या आतून. कारण बाहेर ऊन, पाऊस, धूळ आणि नखं. आमच्या भागात एप्रिल-मेमधलं ऊन चिकटपट्टीचं काय करतं, ते कुणालाही विचारा.

पण काचेवरच्या स्टिकरचा इतिहास सांगताना २००१ चा डिसेंबर टाळता येत नाही. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला. हल्लेखोर पांढऱ्या ॲम्बेसेडरमधून आत शिरले. गाडीवर लाल दिवा होता आणि काचेवर गृह मंत्रालयाचं बनावट स्टिकर. फाटकावरच्या माणसाने नजर टाकली असेल ती त्या काचेवरच. काचेवरचा कागद किती दरवाजे उघडतो, हे देशाने त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन बघितलं.

तरीही नव्या पाट्या यायला अठरा वर्षं लागली. ठेके, खटले, राज्यांची टाळाटाळ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २००४ मध्ये निकाल आला, तरी राज्यं हलेनात. मनिंदरजित सिंग बिट्टा यांच्या याचिकेवर न्यायालयाने २०११-१२ मध्ये राज्यांना चांगलंच फैलावर घेतलं. शेवटी डिसेंबर २०१८ मध्ये नियम पुन्हा सुधारला आणि १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नवी गाडी ही पाटी लावूनच शोरूमच्या बाहेर पडू लागली. लाल अक्षरांतलं ते 'अप्लाइड फॉर' तेव्हापासून दिसेनासं झालं. आठवतंय ना? काही जण त्याच्यावर सहा-सहा महिने फिरायचे.

मधल्या अठरा वर्षांत आपल्याकडे नंबरप्लेट कोण बनवत होतं? रेडियमवाला. स्टँडच्या आसपास एखादी टपरी, बाहेर लटकवलेले नमुने, आत कात्री, कटर आणि रंगीत चिकट कागदांच्या गुंडाळ्या. त्या कागदात रेडियम नावाच्या धातूचा कणही नसतो, चमकतो म्हणून रेडियम म्हणायचं एवढंच. नियमात सगळं लिहिलेलं होतं: दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षरं ३५ मिलिमीटर उंच, आकडे ४०, लिपी इंग्रजी. पण टपरीवर गिऱ्हाईक म्हणेल तो नियम. मग ४९१२ मधला इंग्रजी चार जरा वाकवला की 'प', नऊ म्हणजे 'व', एक म्हणजे काना, दोन म्हणजे 'र'. झालं 'पवार'. ४१४१ म्हणजे 'दादा'. २१४ म्हणजे 'राम'. ८०५५ म्हणजे 'बॉस'. या नंबरांसाठी लोक आरटीओत वेगळी फी भरायला तयार, आणि पुढे टपरीवर त्याचं चित्र करून घ्यायला वेगळे पैसे. मला विचाराल तर ही एक लोककलाच होती. गावातल्या कितीतरी पोरांनी सुंदर अक्षर काढायला शाळेत नाही, तर रेडियमच्या दुकानात शिकलंय.

पण त्या कलेत एक गोष्ट निसटत होती. 'दादा' वाचता येतो, पण ४१४१ वाचता येत नाही. आणि पाटीचं मूळ काम तेच आहे, अनोळखी माणसाला एका नजरेत आकडा वाचता येणं. यावर मी परत येतो.

त्याआधी रंग. काचेवरच्या त्या तिसऱ्या स्टिकरचा रंग पाहिलाय? फिकट निळा असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी, केशरी असेल तर डिझेल, बाकीच्यांना करडा. याची सुरुवात दिल्लीतल्या धुरातून झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी ही कल्पना मान्य केली. हवा फारच खराब झाली की डिझेल गाड्या थांबवता याव्यात म्हणून. म्हणजे चौकातल्या पोलिसाला दुरून केशरी दिसलं की हात वर. पुढे बीएस-सहा गाड्यांना वर एक सेंटिमीटरची हिरवी पट्टीही आली. आता खरं सांगायचं तर माळशिरसच्या चौकात आजवर कुणाला काचेवरचा रंग बघून थांबवलेलं मी ऐकलेलं नाही. वाचणारा दिल्लीत उभा आहे आणि अक्षर आपल्या काचेवर, असा हा प्रकार. देशभर एक नियम केला की असं होतंच.

फास्टॅगची गोष्ट मात्र उलटी. तो कुठे लावतात? काचेच्या वरच्या भागात, मधोमध, आरशाच्या मागे. का? कारण तिथे वाचणारा माणूसच नाही. टोलनाक्यावर लेनच्या वर यंत्र बसवलेलं असतं, ते वरून खाली बघतं. त्याला डावं-उजवं नाही, त्याला मधला भाग सोपा. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून तो राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीचा झाला. आणि लगेच लोकांनी त्याचीही पळवाट काढली. टॅग चिकटवायचाच नाही, खिशात ठेवायचा आणि नाका आला की हात उंच करून दाखवायचा. एकच टॅग भावाच्या गाडीलाही चालवायचा. मागे मात्र रांग खोळंबते आणि चुकीच्या गाडीचे पैसे कापले जातात. जुलै २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणाने असे 'हातातले' टॅग काळ्या यादीत टाकायचं जाहीर केलं. स्टिकर चिकटलेलं असण्यालाच अर्थ असतो, हे १९२१ मध्येही खरं होतं आणि आताही. सुटा कागद कुणाचाही होऊ शकतो.

काचेवर आपल्या तालुक्यात अजून एक स्टिकर येतं, तेही वर्षातून काहीच दिवस. आषाढी. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत जाते, तुकोबांची अकलूजवरून. पुरंदवड्याचं रिंगण, खुडूसचं रिंगण, अकलूजचं रिंगण. त्या दिवसांत दिंड्यांच्या मागचे ट्रक, पाण्याचे टँकर, वारकऱ्यांच्या जीप यांच्या काचेवर पास दिसतात. अलीकडच्या वर्षांत टोलमाफीसाठीही सरकार पंढरपूरला जाणाऱ्या गाड्यांना गाडीचा नंबर लिहिलेली स्टिकर्स देतं. हा कागद मात्र बहुतेक जण मोठ्या अभिमानाने काचेच्या अगदी समोर लावतात, आणि एकादशी होऊन श्रावण लागला तरी काढत नाहीत. तो वाचायला आता कुणी नाही, तरी ठेवायचा. त्यात चूक काय आहे? काही स्टिकर्स पोलिसासाठी नसतात.

पण काही असतात. खास पोलिसासाठीच. 'पोलीस', 'प्रेस', 'आमदार', 'सरपंच', एखाद्या संघटनेचं नाव, एखाद्या नेत्याचा फोटो. ती डाव्या कोपऱ्यात कधीच नसतात, हे बघितलंय का? ती चालकाच्या समोर किंवा काचेच्या मधोमध असतात. १ मे २०१७ पासून देशात लाल दिवे उतरवले गेले, मंत्र्यांच्या गाड्यांवरचेसुद्धा. दिवा गेला तशी दिव्याची हौस काचेवर उतरली. नाकाबंदीतल्या हवालदाराने हात वर करायच्या आधीच ते वाचावं, अशी त्या जागेमागची अपेक्षा. म्हणजे कोपऱ्यातलं स्टिकर म्हणतं, 'मला तपासा'. मधलं म्हणतं, 'मला तपासू नका'. काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एवढा फरक आहे.

आता परत आकड्याकडे. कारण आतापर्यंतची सगळी चर्चा चारचाकीची झाली आणि आपल्या तालुक्यात रस्त्यावर जास्त काय दिसतं? दुचाकी आणि ट्रॅक्टर. या दोघांनाही ते तिसरं स्टिकर लावायला काचच नाही. म्हणजे त्यांची सगळी ओळख पाटीवरच.

माळीनगर, शंकरनगर, सदाशिवनगर, श्रीपूर. कारखान्यांचा पट्टा. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू झाला की रात्रंदिवस ऊस वाहणं चालू होतं. ट्रॅक्टरच्या मागे एक ट्रॉली, कधी दोन. कायद्याच्या नजरेत ट्रॉली हेही स्वतंत्र मोटार वाहनच आहे, तिला इंजिन नसलं तरी. तिची वेगळी नोंदणी, तिची वेगळी पाटी. शेजारून जाणाऱ्या बैलांच्या टायरगाडीला मात्र काहीच नाही, कारण ती मोटार वाहन नाही. पण ट्रॉलीच्या मागे नंबर वाचायला जा. एक तर पाटी नसतेच, असली तर रंगाने लिहिलेली, पुसट, चिखलाखाली. आणि वर उसाची वाढं लोंबत असतात ती बरोबर पाटीवर. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही, आणि अपघात झाल्यावर पळून गेलेल्या ट्रॉलीचा नंबर कुणी सांगू शकत नाही.

आता पैशांचं बोलू, कारण इथे खरा फरक पडतो. अपघातात माणूस गेला आणि गाडीची ओळख पटली, तर घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. गेलेल्या माणसाचं वय, कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यावरून भरपाई ठरते आणि गाडीचा विमा असेल तर कंपनी ती देते. कमावता तरुण असेल तर ही रक्कम बरीच मोठी होते. पण गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर त्याला कायदा 'हिट अँड रन' म्हणतो आणि मग रक्कम ठरलेली असते. मृत्यू झाला तर दोन लाख, गंभीर दुखापत असेल तर पन्नास हजार. आणि हेसुद्धा १ एप्रिल २०२२ पासूनचे आकडे. त्याआधी मृत्यूला पंचवीस हजार आणि गंभीर जखमेला साडेबारा हजार मिळायचे. कित्येक वर्षं तेवढेच.

म्हणजे एखाद्या घराला पुढची वीस वर्षं उभं राहता येईल की नाही, हे कधी कधी रस्त्याकडेच्या एका चहावाल्याने चार आकडे वाचले की नाही यावर ठरतं. चाळीस मिलिमीटर उंच आकडे. नियमातली ती मापं मला आधी कारकुनी वाटायची. हा हिशोब समजला आणि वाटेनाशी झाली.

दुसरी बाजूही आहे. तुमचा नंबर साध्या पत्र्यावर कुणीही रंगवून घेऊ शकतो. मग ज्या शहरात तुम्ही कधी गेलाच नाहीत, तिथलं ई-चलन तुमच्या मोबाइलवर येतं. गाडी गुन्ह्यात वापरली गेली तर दारात पोलीस. होलोग्राम, लेझरचा क्रमांक, तुटणारं कुलूप हे सगळं याच्यासाठी. पाटी चोरून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये.

महाराष्ट्राने २०१९ च्या आधीच्या जुन्या गाड्यांनाही ही पाटी सक्तीची केली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, रिक्षाला ५००, मोटारी आणि अवजड गाड्यांना ७४५, वर जीएसटी. म्हणजे दुचाकीवाल्याच्या खिशातून ५३१ गेले. पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची होती. मग एप्रिल, मग जून, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर, अशी ती पुढे सरकत गेली. ऑनलाइन तारीख घ्यायची, जवळचं केंद्र शोधायचं, दिवस मोडून जायचं. शेजारच्या राज्यात स्वस्त आणि इथे महाग, अशी ओरडही झाली. जुनी लुना वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला पाचशे रुपये म्हणजे गाडीच्या किमतीचा केवढा तरी हिस्सा, ही तक्रार मला तरी रास्त वाटते. सुरक्षितता सगळ्यांची असेल, तर जुन्या दुचाकीपुरता तरी तिचा खर्च सरकारने उचलायला हरकत नव्हती.

रेडियमच्या टपऱ्या अजून आहेत. नंबरप्लेटचं काम गेलं, आता मडगार्डवर, टाकीवर, मागच्या काचेवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' असतो. 'हॉर्न ओके प्लीज' २०१५ मध्ये राज्याने बंद केलं, तेही अजून अधूनमधून दिसतं. आणि हंगामाच्या तोंडावर या टपऱ्यांवर एक वेगळं गिऱ्हाईक येतं, ट्रॉलीवाला. लाल-पांढरी चमकणारी पट्टी मापाने कापून न्यायला. तुमच्या घरची ट्रॉली असेल तर गव्हाणीत मोळी पडायच्या आधी एक काम करा. मागची पाटी काढून जरा खाली, चौकटीच्या लोखंडावर बसवा, जिथे वाढं लोंबून येत नाहीत. पट्टी दोन्ही कडांना लावा. आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च घेऊन पंधरा-वीस पावलं मागे जाऊन बघा, नंबर वाचता येतो का.